त्रिसिनो टू लोटे

समजा, तुम्ही अकरावीत आहात. एक दिवस घरी तुमच्या रक्ताचा रिपोर्ट येतो. तुम्ही ठणठणीत आहात, कुठलंही औषध चालू नाही. तरी रक्तात कारखान्यातलं एक रसायन सापडलेलं असतं. ते आलं कुठून? घरच्या नळातून!

उत्तर इटलीतल्या व्हेनेतो भागातल्या मुलामुलींच्या वाट्याला २०१७पासून हे खरंच आलं. तिथल्या त्रिसिनो गावात ‘मितेनी’ नावाचा कारखाना होता. तो जी रसायनं बनवायचा, त्यांना म्हणतात पीएफएएस, म्हणजेच ‘फॉरएव्हर केमिकल्स’. नॉनस्टिक तवा, रेनकोट, आग विझवायचा फेस, सगळीकडे ती वापरली गेली. २०१३मध्ये नद्यांच्या आणि पिण्याच्या पाण्याचा अभ्यास झाला, तेव्हा कळलं, की कारखान्यातून ही रसायनं ओढे, नद्या आणि भूजलात पोचली आहेत. तीन लाखांहून जास्त लोकांच्या पाण्याचा प्रश्न होता.

‘फॉरएव्हर’ का? यातला कार्बन-फ्लोरिन बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात मजबूत बंधांपैकी एक. नदीत पडलेला पालापाचोळा जिवाणू कुजवतात, पण या बंधापुढे ते हात टेकतात. पाणी उकळलं तर? पाणी आटतं, रसायन तेवढंच राहतं. यांच्यातलं पीएफओए शरीरात गेलं, की रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात. २०१९मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कॅन्सरकारक ठरवलं.

मुलांचे रिपोर्ट बघून आया रस्त्यावर उतरल्या. ‘मामे नो पीफास’ हा त्यांचा गट. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जून २०२५मध्ये व्हिचेन्झाच्या कोर्टाने अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

आता तुम्ही म्हणाल, इटलीचं आपल्याला काय? तर ऐका. बंद पडलेल्या त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली. ती आली थेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत. चिपळूणवरून येणारी वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते, ती दाभोळची खाडी तिथून लांब नाही. खाडीतल्या मासळीवर कितीतरी घरं चालतात.

यंत्रं आली म्हणजे प्रदूषण आलंच, असं नाही. पण प्रश्न विचारायची वेळ हीच आहे. इथे नेमकं काय बनतं? सांडपाण्यात पीएफएएस तपासतात का? तपासत असतील, तर आकडे लोकांना कुठे बघायला मिळतात?

कारण आपल्या नेहमीच्या चाचण्यांत ही रसायनं दिसत नाहीत. कॉलेजच्या प्रोजेक्टला आपण बाटलीत नदीचं पाणी आणतो, पीएच बघतो, डीओ आणि बीओडी काढतो, आकडे चांगले आले की ‘पाणी स्वच्छ’ लिहून मोकळे होतो. पीएफएएस शोधायला वेगळी, महागडी चाचणी लागते, आणि ती कुणीतरी मागावी लागते. त्रिसिनोच्या आसपासचं पाणीही वर्षानुवर्षं स्वच्छच दिसत होतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. लोकांना कळलं ते रक्ताच्या रिपोर्टवरून.

आपल्याकडे निदान क्रम बदलू या. आधी पाण्याचा रिपोर्ट मागू या.