युद्धलूट

युद्धलूट : युद्धप्रसंगी शत्रूच्या मुलखातून, छावणीतून अथवा ठाण्यातून विजयी सैन्याने हस्तगत केलेली जंगम मालमत्ता. तीत नाणे, सोने-चांदी, जडजवाहीर, शस्त्रास्त्रे, जनावरे, कापड, धान्य इत्यादींचा अंतर्भाव होतो. ही मालमत्ता प्रत्यक्ष हाती घेणाऱ्या शिपायाची, त्याच्या सेनापतीची की राज्यसंस्थेची, हा युद्धलुटीच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय. ज्याची मालमत्ता गेली, त्याच्या हक्काचा विचार मात्र फार उशिरा रूढ झाला. इंग्रजी भाषेत प्रचलित असलेला ‘लूट’ हा शब्द भारतीय भाषांतूनच तेथे गेला आहे.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात रथ, घोडे, धान्य, पशू इत्यादी वस्तू त्या जिंकणाऱ्याच्याच मानल्या असून त्यांतील उत्तम भाग राजाला अर्पण करावा, असे सांगितले आहे. शिपायाच्या मोहाला अशा रीतीने वाट्याचे रूप देणे, ही बहुतेक प्राचीन राज्यांची पद्धत दिसते.

मराठेशाहीतील प्रथा : शिवकालात लुटीवर सरकारचा हक्क काटेकोरपणे राखला जाई. सभासद बखरीतील वर्णनानुसार दसऱ्यास लष्कर मुलूखगिरीस निघताना प्रत्येकाजवळील चीजवस्तूंची यादी करीत. परतल्यावर झाडा घेऊन ती यादी ताडून पाहत आणि अधिक निघालेला ऐवज सरकारात जमा करीत किंवा त्याच्या वेतनात वळता करून घेत. चोरून ठेवणाऱ्यास शासन होई. बायका, पोरे व गाई यांना हात लावू नये, असाही दंडक होता. सुरतेच्या दोन्ही स्वाऱ्यांत (१६६४ व १६७०) मिळालेले द्रव्य राज्याच्या कार्यासाठी उपयोगात आले. ही शिस्त वेतनाच्या नियमित व्यवस्थेवर अवलंबून होती.

अठराव्या शतकात राज्यविस्तार झाला व फौजांचे पगार थकू लागले, तशी ही शिस्त सैल झाली. १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यावर सदाशिवरावभाऊने दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले. त्यामागे शिपायांच्या लोभापेक्षा फौजेच्या खर्चाची निकड अधिक होती. पेंढाऱ्यांना तर वेतनच नसे. पालपट्टी भरून लुटीची मुभा मिळवावी व लुटीवर निर्वाह करावा, अशी त्यांची रीत होती. तिचे परिणाम शेतकऱ्यांना भोगावे लागले. होळकरांच्या फौजा व पेंढारी यांनी केलेली नासाडी ही अहमदनगर जिल्ह्यातील १८०३–०४ च्या भीषण दुष्काळाचे एक प्रमुख कारण ठरली.

इंग्रजी अंमल : ब्रिटिश कायद्याप्रमाणे लुटीची मालकी राजाकडे जाई. राजा ती कृपादान म्हणून सैन्यास देई आणि तिच्या विक्रीतून आलेली रक्कम हुद्द्यानुसार वाटली जाई. परवानगीवाचून हात मारणारा शिपाई मात्र गुन्हेगार ठरे. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) घेतले. ८ ऑगस्टला पेठ पडली व १२ ऑगस्टला किल्ला स्वाधीन झाला. त्यानंतर सुरू झालेली लूटमार थांबविण्यासाठी वेलस्लीने आपल्याच सैन्यातील दोन हिंदी शिपायांना दरवाजात फासावर चढविले.

तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धातील (१८१७–१८) लूट ‘दख्खनची लूट’ म्हणून प्रसिद्ध आहे. मे १८१८ मध्ये रायगड पडला, तेव्हा तेथे सुमारे पाच लाख रुपयांचे नाणे सापडले. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा समजला जाणारा ‘नाशिक हिरा’ही ह्याच युद्धानंतर इंग्लंडला गेला. लुटीच्या वाटणीवरून गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज व दख्खनच्या सैन्याचा सेनापती सर टॉमस हिस्लप यांच्या पक्षांत दीर्घकाळ वाद चालला. लुटीच्या विश्वस्तांपैकी एक ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे पूर्वीचा आर्थर वेलस्लीच होता. ज्या मोहासाठी नगरला शिपाई फासावर गेले, त्याचीच कायदेशीर वाटणी आता त्याच्या देखरेखीखाली आली.

ह्या लुटीतून उद्भवलेला एक खटला विशेष महत्त्वाचा आहे. रायगडचा किल्लेदार नारो गोविंद औटी याच्या पुण्यातील घरातून इंग्रज अधिकाऱ्यांनी १८१८ मध्ये मोठा ऐवज नेला. तो खासगी असल्याचे सांगून त्याच्या वतीने मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावण्यात आला व तेथे वादीच्या बाजूने निकाल लागला. परंतु १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. पुण्यात प्रत्यक्ष लढाई थांबली होती व न्यायालये चालू होती. तरीही ही जप्ती शत्रुत्वाच्या अवस्थेतील असल्याने तिचा विचार दिवाणी न्यायालयास करता येत नाही, असे ठरले.

१८५७ च्या उठावात हाच प्रकार अधिक उग्रपणे दिसून आला. विष्णुभट गोडसे यांनी माझा प्रवास या ग्रंथात १८५८ मधील झाशीच्या लुटीचे वर्णन केले आहे. त्यावरून प्रथम सोने-नाणे, नंतर भांडी व कापड आणि अखेरीस धान्य अशा क्रमाने शहर धुऊन नेले गेल्याचे समजते. त्याच वर्षी अमृतराव पेशव्यांच्या वंशजांची कर्वी येथील संपत्ती जनरल व्हिटलॉकच्या हाती पडली. तिच्या वाटणीचा वाद १८६६ मध्ये इंग्लंडच्या नाविक न्यायालयात मिटला.

आधुनिक संकेत : १९०७ च्या हेग करारान्वये लूट निषिद्ध ठरली आणि १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराने हा निषेध दृढ केला. भारताच्या १९५० च्या सेना अधिनियमानुसार लुटीसाठी घरात घुसणे हा शिक्षापात्र अपराध आहे.

निर्बंध आले तरी मोह संपला नाही. चित्रपटांनी ह्या मोहाचा साहसकथेसाठी उपयोग करून घेतला. ब्रायन हटनच्या केलीज हीरोज (१९७०) या चित्रपटात दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिक फ्रान्समध्ये शत्रूच्या फळीमागील पेढीतील सोने लुटतात. अखेरीस जर्मन रणगाड्याचा अधिकारीही वाटेकरी होतो. हे साहस विनोदाच्या अंगाने रंगविले असून सोने मुळात कोणाचे, हा प्रश्न तेथे गौण आहे. डेव्हिड रसेलच्या थ्री किंग्ज (१९९९) मध्ये मात्र १९९१ च्या आखाती युद्धानंतर कुवेतचे सोने शोधणाऱ्या सैनिकांना निर्वासितांचे प्राण व सोने यांत निवड करावी लागते. लुटीचा विचार विजेत्याच्या वाट्याकडून पीडिताच्या हक्काकडे कसा वळला, हे ह्या दोन चित्रपटांतील अंतरावरूनही लक्षात येते.