विश्लेषण : अस्वल ४५ मीटरवर, मध्ये जाळी नाही… अलास्कातील छायाचित्रण कार्यशाळा कशा चालतात?

धबधब्याच्या काठावर उभे असलेले तपकिरी अस्वल, उघडा जबडा आणि थेट त्यात उडी घेणारा मासा. हे दृश्य बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलेले असते. ते जिथे दिसते ती जागा म्हणजे अमेरिकेच्या अलास्का राज्यातील कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातील ब्रुक्स धबधबा. दर उन्हाळ्यात या परिसरात जंगली अस्वलांच्या छायाचित्रणाच्या कार्यशाळा होतात. जगभरातील हौशी छायाचित्रकार लहान विमानाने तेथे उतरतात आणि काही क्विंटल वजनाच्या प्राण्यासमोर कॅमेरा घेऊन बसतात. हे सुरक्षित कसे राहते, आणि तोच प्रयोग ताडोबात का करता येत नाही, याविषयी…

इतकी अस्वले एका जागी का येतात?

अस्वल हा एरवी एकटा राहणारा प्राणी. त्याला गर्दीत आणतो तो सॅमन मासा. ब्रिस्टल उपसागरात सॉकाय सॅमनचे जगातील सर्वांत मोठे स्थलांतर होते. समुद्रातून अंडी घालण्यासाठी उलट प्रवाहाने निघालेल्या माशांना ब्रुक्स नदीवर सुमारे १.८ मीटर उंचीचा धबधबा आडवा येतो. मासे उड्या मारतात, अस्वले वाट पाहतात. एका सॉकायमधून साधारण ४,५०० कॅलरी मिळतात आणि दांडगा नर दिवसात तीसहून अधिक मासे फस्त करू शकतो. हिवाळ्याच्या दीर्घ निद्रेत अस्वलाचे सुमारे एक तृतीयांश वजन घटते, त्यामुळे ही खादाडी जगण्याचा हिशेब आहे. कॅटमाईत अंदाजे २,२०० तपकिरी अस्वले आहेत. जुलै आणि सप्टेंबर हे ब्रुक्सवर अस्वले दिसण्याचे मुख्य महिने. सर्वांत लठ्ठ अस्वल कोणते, यावर लोकांनी ऑनलाइन मते देण्याची ‘फॅट बेअर वीक’ ही स्पर्धाही येथलीच. २०१४ मध्ये ती एका दिवसापुरती सुरू झाली होती.

कार्यशाळेत पहिला धडा कोणता?

कॅमेऱ्याचा नाही. ब्रुक्स कॅम्पवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला आधी ‘बेअर स्कूल’मध्ये बसावे लागते. ते पूर्ण केल्यावर छातीवर लावायला एक बिल्ला मिळतो. तेथे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. धावायचे नाही. अस्वलापासून ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर अंतर राखायचे. ठरवून दिलेल्या जागेबाहेर पाण्याशिवाय काहीही खायचे-प्यायचे नाही. मासेमारी करणाऱ्याच्या गळाला मासा लागलेला असताना अस्वल जवळ आले, तर दोरी तोडून मासा सोडून द्यायचा.

त्यानंतर मार्गदर्शक गटाची शिस्त लावतो. सगळ्यांनी एकत्र राहायचे, हळू बोलायचे, कोणी एकट्याने ‘चांगला अँगल’ शोधायला जायचे नाही. गट एकाच जागी, एकाच पद्धतीने बसला की अस्वलाला त्याचा अंदाज येतो. ते जवळून जायचे की लांबून, हे मग त्याचे ते ठरवते.

छायाचित्रणाचे धडे यानंतर. धबधब्यावर मोठी अडचण प्रकाशमापनाची असते. पांढरा फेस फ्रेमभर असला की कॅमेरा सगळेच गडद करतो आणि अस्वलाचा काळा डाग उरतो. उलट गडद केसांनी फ्रेम भरली की फेस जळतो. म्हणून फेसातील तपशील टिकेल एवढे एक्स्पोजर मॅन्युअलवर पक्के करायचे आणि अस्वलाच्या अंगावरील सावली नंतर रॉ फाइलमधून उजळायची. मासा उडी कधी घेईल हे कोणालाच कळत नाही. त्यामुळे फोकस अस्वलाच्या नाकाडावर आधीच धरून ठेवायचा, शटर सेकंदाच्या १,६०० व्या भागाच्या आसपास ठेवायचे आणि वाट पाहायची. वाट पाहणे हाच कार्यशाळेचा मोठा भाग असतो. जाहिरातीत तो अर्थातच दिसत नाही.

४५ मीटरवरून चांगला फोटो येतो का?

येथे थोडे गणित उपयोगी पडते. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने ४५ मीटरवर पाहिले तर फ्रेममध्ये सुमारे ४ मीटर रुंदीचे दृश्य मावते. दोन मीटर लांबीच्या अस्वलाने त्यातील निम्मी जागा व्यापते. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने दृश्याची रुंदी २.७ मीटरवर येते, म्हणजे अस्वल फ्रेम जवळपास भरते. आणखी जवळ जाण्याची गरजच उरत नाही.

मोबाइलचे गणित मात्र वेगळे आहे. २४ मिलिमीटरच्या समतुल्य मुख्य कॅमेऱ्यात त्याच अंतरावर साडेसदुसष्ट मीटर रुंदीचे दृश्य येते. अस्वलाच्या वाट्याला त्यातील तीन टक्के. वन्यप्राण्यांच्या दिशेने मोबाइल घेऊन पुढे सरकणारी माणसे दिसतात, त्याचे एक कारण या आकड्यात आहे.

अस्वल माणसांकडे दुर्लक्ष का करते?

येथे दोन शब्दांतील फरक कळीचा आहे : सरावलेले आणि चटावलेले. माणसे रोज दिसतात, त्रास देत नाहीत आणि त्यांच्याकडून खायलाही काही मिळत नाही, असा अनुभव आलेले अस्वल माणसाला सरावते. माणसाच्या हातचे किंवा पिशवीतले अन्न एकदा मिळालेले अस्वल चटावते. पहिल्यासमोर कार्यशाळा घेता येते. दुसरे धोकादायक ठरते आणि बहुतेक वेळा त्यातच त्याचा जीव जातो.

मॅकनील नदीवरील राज्य अभयारण्य हे याचे सर्वांत पक्के उदाहरण. अनियंत्रित गर्दीमुळे तेथील अस्वले कमी दिसू लागल्यावर १९७३ मध्ये परवाना पद्धत सुरू झाली. लॉटरीने निवड होते आणि दिवसाला जास्तीत जास्त दहा पाहुणे मार्गदर्शकासोबत नेले जातात. धबधब्यावर एकाच वेळी ७० हून अधिक अस्वले मोजली गेली आहेत. तरीही परवाना पद्धत आल्यापासून तेथे अस्वलाने पाहुण्याला जखमी केल्याची नोंद नाही.

नियम मोडले की काय होते?

अलास्कातीलच डेनाली उद्यानात अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर अंतराचा नियम आहे. तेथील अस्वले कॅटमाईसारखी गर्दीला सरावलेली नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये एकटा भटकंती करणारा पर्यटक तेथे अस्वलाच्या हल्ल्यात ठार झाला. उद्यानाच्या इतिहासातील अशी ती पहिली घटना. त्याच्या कॅमेऱ्यात सुमारे साडेसात मिनिटांत काढलेली २६ छायाचित्रे सापडली. बहुतेकांत अस्वल शांतपणे चरत होते, शेवटच्या काहींत त्याने मान वर केली होती. नंतर त्या अस्वलाला गोळ्या घालण्यात आल्या.

त्याआधी ऑक्टोबर २००३ मध्ये कॅटमाईत टिमथी ट्रेडवेल आणि त्याची सहकारी मारले गेले. ट्रेडवेलने तेरा उन्हाळे अस्वलांमध्ये तंबू ठोकून काढले होते. वेर्नर हेरझोग यांचा ‘ग्रिझली मॅन’ हा २००५ चा माहितीपट त्याच्यावरच आहे. त्या घटनेतही दोन अस्वले मारली गेली. दोन्ही ठिकाणी माणसाने तोडलेल्या अंतराची किंमत अस्वलानेही मोजली.

आमिष दाखवून काढलेल्या फोटोंचे काय?

फिनलंडच्या पूर्व भागात लाकडी लपणीत रात्रभर बसून अस्वले टिपण्याच्या सहली निघतात. तेथे अस्वलांना आणण्यासाठी खाद्य टाकले जाते. माणूस लपणीच्या आत असल्याने धोका कमी, पण अस्वल नैसर्गिकरीत्या तेथे आलेले नसते. अशा कार्यशाळेचे पैसे भरण्यापूर्वी ‘आमिष वापरता का’ हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि फोटो शेअर करताना त्याचे उत्तर लिहायलाही हवे.

ताडोबात हे का जमत नाही?

विदर्भातील अस्वल वेगळ्या जातीचे. ते मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळांवर जगते. नदीकाठी ताटकळत बसावे असे सॅमनसारखे एकगठ्ठा अन्न त्याला नाही, त्यामुळे एका जागी डझनभर अस्वले जमत नाहीत आणि माणसाच्या ठरावीक वावराला ती सरावतही नाहीत. त्याची नजर अधू. वारूळ उकरण्यात गुंगलेले असताना माणूस अचानक जवळ आला, तर पळण्याऐवजी ते अंगावर येते. वाघाच्या शेजारी राहणाऱ्या प्राण्याची ही सवय आहे. मोहफुले किंवा तेंदूपत्ता गोळा करायला पहाटे जंगलात जाणाऱ्या गावकऱ्यांना त्याचा अनुभव आहे.

म्हणूनच ताडोबा असो वा मेळघाट, पर्यटकाने अस्वलाचा फोटो सफारीच्या गाडीतूनच काढायचा. भारतीय अस्वल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पायी जाऊन अस्वल दाखवण्याची जाहिरात कोणी करत असेल, तर पैसे भरण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी पाहायला मागावी.