प्रौढांतील जन्मजात हृदयविकार व प्रतिध्वनिलेखावरून भाकित

जन्मजात हृदयविकार म्हटला की बालरुग्णाचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. दर १,००० जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते ९ अर्भकांत असा दोष आढळतो. त्यांपैकी पुष्कळ जण शस्त्रक्रियेच्या बळावर, तर काही शस्त्रक्रियेवाचूनही, आज प्रौढ वयास पोहोचतात. या प्रौढांच्या भवितव्याविषयी हृदयाच्या प्रतिध्वनिलेखावरून, म्हणजे इकोकार्डिओग्राफीवरून, कितपत सांगता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेलमुट हेर्ट्स यांनी, धातूंतील चिरा शोधण्याचे उपकरण वापरून, हृदयाकडून परतणारे श्राव्यातीत प्रतिध्वनी प्रथम नोंदविले. पुढे या पद्धतीस डॉप्लर परिणामाची जोड मिळाली. घाटकोपर स्थानकातून न थांबता जाणाऱ्या मेलगाडीचा भोंगा जवळ येताना चढा व दूर जाताना उतरता ऐकू येतो. तद्वतच वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीची कंप्रता बदलते व तीवरून रक्ताचा वेग कळतो. वेगावरून दाबातील फरकही काढता येतो. वेग दर सेकंदास मीटरमध्ये मोजून त्याच्या वर्गाची चौपट केली म्हणजे तो फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. त्रिदली झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग ३ मीटर असेल, तर उजवे निलय व उजवे अलिंद यांच्या दाबांत ३६ मिलिमीटरचा फरक असतो, वेग ४.५ मीटर असल्यास तो ८१ होतो.

परंतु दाब कळला म्हणजे भवितव्य कळले, असे होत नाही. आयझेनमेंगर लक्षणसमूहाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. निलयांमधील पडद्याचे मोठे छिद्र बालपणी न बुजविल्यास फुप्फुसांकडे प्रमाणाबाहेर रक्त जाते. तेथील रोहिण्यांच्या भिंती जाड होतात, रोध वाढतो, आणि अखेरीस प्रवाह उलटून अशुद्ध रक्त सर्व शरीरात मिसळते. रुग्ण निळसर दिसू लागतो. पॉल वुड यांनी १९५८ मध्ये या अवस्थेचे सविस्तर विवेचन केले. या टप्प्यावर छिद्र बुजविणे घातक ठरते, कारण उजव्या निलयावरील भार हलका करणारी तीच एक वाट उरलेली असते. स्त्रीरुग्णाच्या बाबतीत गर्भारपणही जिवावर बेतू शकते.

अशा सर्वच रुग्णांचा फुप्फुसीय दाब अतिशय उच्च असतो. म्हणून केवळ दाबावरून त्यांच्यात तरतम करता येत नाही. हा भार निलय कसे पेलत आहे, हे पाहावे लागते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील १८१ रुग्णांच्या अभ्यासात (२०१२) पुढील चार खुणा मृत्यूच्या धोक्याशी निगडित आढळल्या: आकुंचनकाळी त्रिदली झडपेचे कडे हृदयाच्या टोकाकडे १५ मिलिमीटरांपेक्षा कमी सरकणे, उजव्या निलयाचा आकुंचनकाळ प्रसरणकाळाच्या दीडपट किंवा अधिक असणे, उजव्या अलिंदाचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर किंवा अधिक असणे, आणि ते डाव्या अलिंदाच्या दीडपट किंवा अधिक असणे. प्रत्येक खुणेस एक गुण दिला असता, गुण वाढतील तसा धोका वाढतो.

या चारही खुणा एकाच घटनेच्या बाजू आहेत. जन्मापासून उच्च दाबाची सवय असलेले निलय जाड भिंतीच्या बळावर वर्षानुवर्षे टिकाव धरते. ते थकू लागले की त्याचे लांबीच्या दिशेचे आकुंचन मंदावते, रक्त बाहेर टाकण्यास अधिक वेळ लागून भरण्यास कमी उरतो, आणि मागील अलिंद ताणले जाते.

हे गुणांकन सर्वत्र लावता येणार नाही. गुंतागुंतीचे दोष असलेले रुग्ण सदर अभ्यासातून वगळलेले होते. फॅलोच्या चतुर्विकृतीवर शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढात फुप्फुसीय झडपेची गळती व तीमुळे विस्तारणारे उजवे निलय यांवर लक्ष ठेवावे लागते. त्या निलयाचा आकार चंद्रकोरीसारखा असल्याने त्याचे आकारमान प्रतिध्वनींनी नेमके मोजणे कठीण जाते. तेथे चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेचे साहाय्य घेणे इष्ट.

एका मोजमापापेक्षा दोन मोजमापांमधील अंतर अधिक बोलके असते, ही गोष्ट मुंबईच्या उपनगरांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मजात हृदयविकाराचा शोध त्यात अंतर्भूत आहे. मात्र त्याची वयोमर्यादा १८ वर्षे आहे. बोरिवलीच्या वा मुलुंडच्या ज्या मुलाचे बालपणीचे उपचार परळ, शीव अथवा मुंबई सेंट्रल येथील महापालिकेच्या जुन्या अध्यापन-रुग्णालयांत झाले, तो नोकरीस लागल्यावर घराजवळच्या दवाखान्यात जाऊ लागतो. त्याचा जुना लेख त्याच्यासोबत गेला नाही, तर कड्याची १६ मिलिमीटरांची हालचाल वर्षानुवर्षे तेवढीच आहे की २१ वरून उतरली आहे, हे नव्या वैद्यास कळण्याचा मार्ग राहत नाही. पहिल्या रुग्णास नियमित देखरेख पुरेशी ठरू शकते. दुसऱ्याच्या उपचारांचा फेरविचार तातडीने करावयास हवा. तात्पर्य, प्रतिध्वनिलेखाचे भाकित यंत्राच्या सूक्ष्मतेइतकेच जपून ठेवलेल्या जुन्या नोंदींवरही अवलंबून असते.