कॉलनीतला 'कॉम्प्रेसर'

खांदा कॉलनीत 'कॉम्प्रेसर' म्हटलं की आठवतो तो पंक्चरवाला. पण मर्सिडीजच्या काही जुन्या गाड्यांच्या डिकीवर हाच शब्द चकचकीत अक्षरांत मिरवतो. काम तेच, हवा कोंबायचं. फक्त टायरऐवजी इंजिनात. यालाच सुपरचार्जर म्हणतात. यातली सी 200 कॉम्प्रेसर तर पुण्यात जोडलेली, म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या पलीकडच्या टोकाचीच.

टर्बो आणि सुपरचार्जर एकच, असं कट्ट्यावर कुणी ठासून सांगितलं तर पैज लावा. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या फुकटच्या धुरावर. सुपरचार्जरला मात्र इंजिनच पट्ट्याने फिरवतं, म्हणजे हा आधी घरातलं खातो आणि मग कमावतो. बदल्यात पाय दाबताक्षणी ओढ मिळते, वर तो शिट्टीसारखा सूर.

याचं मूळ घराणं लोहाराचं. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये पेटंट घेतलेलं हवा फेकणारं यंत्र लोखंडाच्या भट्ट्यांना भात्यासारखं वापरलं गेलं. मर्सिडीजने सुपरचार्जरवाल्या गाड्या 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. भट्टीच्या त्या नात्याने कळंबोलीचा लोखंड बाजार या यंत्राचं आजोळच म्हणायला हवं!

जॅग्वार तर आता घरचीच. 2008 मध्ये टाटा मोटर्सने ती फोर्डकडून घेतली आणि 2013 मध्ये एफ-टाइप भारतात आली. व्ही 8 एसमध्ये पाच लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन, ताकद 495 पीएस. कळंबोलीला एक्स्प्रेस वे लागतो, तिथे सपाटीवर मर्यादा ताशी 100. घाटात तर ट्रेलरच्या मागे ही सगळी अश्वशक्ती मुकाट उभी.

आता खरी गंमत, म्हणजे खर्च. या व्ही 8 मध्ये सुपरचार्जर इंजिनच्या बरोबर डोक्यावर, दोन रांगांच्या खोबणीत बसतो. त्याच्या खालून कूलंटचा प्लास्टिकचा पाइप जातो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो ठिसूळ होतो आणि एक दिवस तडकतो. पाइप साधाच, पण त्याच्यापर्यंत पोचायला आख्खा सुपरचार्जर उतरवावा लागतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! म्हणून जाणता मेकॅनिक सुपरचार्जर उतरलाच आहे तर खालचे सगळे पाइप एकदम बदलून टाकतो. त्याचं ऐका. उभी गाडी डिझेल टेम्पोसारखी खडखडत असेल, तर संशय सुपरचार्जरच्या कपलरवर घ्या. तो झिजला की असा आवाज येतो. आणि हो, सुपरचार्जरचं ऑइल इंजिनच्या ऑइलपेक्षा वेगळं असतं, हे कित्येक मालकांच्या गावीही नसतं.

अशी जुनी गाडी घ्यायला गेलात, तर गिअरबॉक्समध्ये 'आयुष्यभराचं ऑइल' आहे, असं विकणारा सांगेल. कुणाच्या आयुष्यभराचं, ते विचारा. जॅग्वारचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. पनवेलचा पाऊस बघता दोन वर्षांनी बदललेलं बरं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. आपल्याकडचे काही कुठल्या टेपने मोजले देव जाणे. बुटक्या गाडीचं पोट घासणार, हे गृहीत धरा.

जुनी सुपरकार विकायची लाज कशाला? सचिन तेंडुलकरला 2002 मध्ये शर्यतपटू शूमाकरच्या हस्ते मिळालेली फेरारी 360 मोडेना 2011 मध्ये सुरतच्या व्यापाऱ्याकडे गेली. तिला सुपरचार्जर नव्हता. आयात शुल्काचा वाद मात्र चांगलाच गाजला आणि एक कोटीच्या वरची ती रक्कम अखेर फियाटने भरली.

आपलं शुल्क भरायला कुणी फियाट येणार नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना देशी गाडीला 5 हजार, तर आयात गाडीला 40 हजार लागतात, असा एप्रिल 2022 पासूनचा नियम. वीस वर्षांनंतर त्याहून जास्त. पनवेलची एमएच 46 ची पाटी पाहून भुलण्याआधी टायर बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी पळालेली असली, तरी रबर म्हातारं होतंच.

आणि बंद पडली तर दोरी बांधून टोचन करायला कुणाला देऊ नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची वाट लागते. फ्लॅटबेडवाल्याचा नंबर आजच सेव्ह करून ठेवा.