पितळी पाटीवरची रेघ आणि पंचांगातला अधिक महिना

डोंबिवलीच्या एका वाचकाने विचारलं आहे: टेबलावर मावणारं छोटं सीएनसी यंत्र घेतलं, लाकडावर ते झकास कोरतं. पण दारावरच्या पितळी पाटीवर आडनाव घालायला घेतलं की एका टोकाची अक्षरं जाड येतात, दुसऱ्या टोकाची जेमतेम उमटतात आणि स्टीलच्या डब्यावर तर टूलचं टोकच उडतं. खोक्यावर अचूकता मात्र मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांत लिहिली आहे. मग घोडं अडतं कुठे?

धातूवर अक्षर घालण्याचं काम या भागाला नवं नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ बंदराची नोंद केली, तेव्हा तिथून बाहेर जाणाऱ्या मालात त्याने तांब्याचा उल्लेख केला. हे बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट हाती लागले. शिलाहार राजा अरिकेसरीचं ते दानपत्र, शके ९३९ चं, म्हणजे इसवी सन १०१७ चं. एशियाटिक सोसायटीच्या ‘रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्याचं भाषांतर छापून आलं. त्या दानपत्राच्या शेवटी दोन माणसांची नावं येतात. मजकूर लिहिणारा एक, राजवाड्यातल्या कवीचा पुतण्या. तांब्यावर कोरणारा दुसरा, वेदपैयाचा मुलगा मनधारपैय. रेघ कुठून कुठे जायची हे एकाने ठरवायचं आणि धातू दुसऱ्याने कापायचा, ही विभागणी हजार वर्षांपूर्वी ठाण्यात झालेली होती. आपल्या टेबलावरच्या यंत्रातही तीच आहे. वाचकाची अडचण दुसऱ्या माणसाच्या कामात आहे, पहिल्याचं काम यंत्र अप्रतिम करतं. पण ते पहिलं काम इतकं सुंदर आहे, की त्यावरून घाईने पुढे जाववत नाही.

यंत्रातली स्टेपर मोटर सलग सरकत नाही. ती ठरावीक मापाची पावलं टाकते. एक मोटर टूलला डावीकडे-उजवीकडे नेते, दुसरी पाटी पुढे-मागे सरकवते, तिसरी टूल वर-खाली करते. ‘क’चं गोल पोट कोरायचं तर संगणक त्या वळणाचे बारीक सरळ तुकडे करतो आणि त्यातला जवळपास प्रत्येक तुकडा तिरका असतो. समजा एका तुकड्यात उजवीकडे १९ पावलं जायचं आहे आणि वर, म्हणजे पाटीच्या पुढे-मागे दिशेत, ७. उजवीकडची मोटर तर प्रत्येक ठोक्याला हलेल. वरच्या मोटरने नेमकं कोणत्या ठोक्यांना हलायचं, म्हणजे रेघ कुठेही फार वर किंवा फार खाली जाणार नाही?

हा हिशेब मराठी घरात भिंतीवर टांगलेला असतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. ही बाकी दरवर्षी साठत जाते, महिन्याएवढी झाली की एक अधिक महिना घालायचा आणि बाकी तेवढी उतरवायची. पंचांगकर्ते प्रत्यक्षात ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत येत नाही तो महिना अधिक धरतात, पण परिणाम तोच: १९ वर्षांत ७ अधिक महिने. यंत्रही हेच करतं. प्रत्येक पावलाला बाकीत ७ मिळवायचे, बाकी १९ च्या निम्म्यावर गेली की वरच्या मोटरला एक पाऊल टाकायला लावायचं आणि बाकीतून १९ वजा करायचे. भागाकार नाही, अपूर्णांक नाही, दशांशचिन्ह नाही. कागदावर करून पाहा. वरची मोटर दुसऱ्या, पाचव्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या पावलाला हलते. आता गेले अधिक महिने आठवा: २०१५ चा आषाढ, २०१८ चा ज्येष्ठ, २०२० चा अश्विन, २०२३ चा श्रावण, २०२६ चा ज्येष्ठ. दोन्हीकडे अंतरं तीच: तीन, दोन, तीन, तीन. मला हे पहिल्यांदा जुळलेलं दिसलं तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. त्यानंतरचा अधिक महिना २०२९ चा. तिथे रेघ एक पाऊल आधीच वर जाते, कारण आरंभीची बाकी दोन्हीकडे सारखी धरलेली नाही. रेघ आणि पंचांग यांचं हे नातं मिचेल हॅरिस आणि एडवर्ड राइनगोल्ड या दोघांनी २००४ मध्ये एका सविस्तर शोधनिबंधात मांडलं आहे.

रेघेची ही युक्ती जॅक ब्रेझनहॅम यांची. १९६२ मध्ये ते कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथल्या संगणकाला पेनने रेघा काढणारा प्लॉटर जोडलेला होता आणि त्याच्यासाठी त्यांनी ही रीत बसवली. छापून आली १९६५ मध्ये. आज अभियांत्रिकीची मुलं ब्रेझनहॅम हे नाव संगणकाच्या पडद्यावर ठिपके मांडण्याच्या धड्यात शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मुळात ही रीत पावलं टाकणाऱ्या यंत्रासाठी जन्मली, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. सीएनसीच्या इतिहासात जॉन पार्सन्स यांचं आणि १९५२ मध्ये पहिलं अंकनियंत्रित मिलिंग यंत्र दाखवणाऱ्या एमआयटीचं नाव येतं, ते योग्यच आहे. पण एमआयटीच्या त्या यंत्राचं नियंत्रण करायला व्हॅक्यूम ट्यूबांची कपाटं लागत. आज ते काम हातावर मावणारं कार्ड करतं, यात ब्रेझनहॅम यांचा वाटा मोठा आहे. नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये लिहायला घेतलेला जीआरबीएल हा मोफत प्रोग्रॅम बहुतेक छोट्या यंत्रांत असतो. तो ज्या चिपवर चालतो तिची कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट. तेवढ्यात तीन मोटरांचा हिशेब मावतो, तो बेरीज-वजाबाकीवर भागतं म्हणून.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे. मोटरची एका फेऱ्यात २०० पावलं, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, एका फेऱ्यात स्क्रू ४ मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे ८०० पावलांना एक मिलिमीटर, एक पाऊल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून जरासं मोठं. गणित बरोबर आहे, पण ती अचूकता नव्हे. मोटरला किती सरकायला सांगता येतं, एवढंच तो आकडा सांगतो. टूल तेवढं सरकलं का, हे यंत्राचा सांगाडा ठरवतो. ब्रेझनहॅम यांची रीत कामाला लागली त्याच १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. तिथल्या कारखान्यांत चालणारं मोठं सीएनसी यंत्र ओतीव लोखंडाचं, काही टनांचं असतं. ते वजन धातूचा उलटा रेटा पचवायला असतं. घरच्या यंत्राला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि प्लॅस्टिकचे कोपरे. खोक्यावर तो हजाराव्या भागाचा आकडा छापणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

टूलचंही तेच. टूल धरणाऱ्या कोलेटमधून बाहेर आलेली लांबी दुप्पट केली की त्याच रेट्याला टूल आठपट वाकतं. जाडी निम्मी केली की सोळापट. म्हणून टूल जास्तीत जास्त आत घ्यायचं, हा पहिला उपाय आणि त्याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट चिपेची. टूल फिरवणाऱ्या स्पिंडलचे मिनिटाला १०,००० फेरे आणि सरकण्याचा वेग मिनिटाला ३०० मिलिमीटर असला, तर एकधारी टूल प्रत्येक फेऱ्यात ०.०३ मिलिमीटरची चीप काढतं. वेग भीतीने आणखी कमी केला तर चीप धारेच्या गोलाईपेक्षा पातळ होते, धार कापायचं सोडून घासू लागते. पितळ हे पुष्कळ सहन करतं. स्टेनलेस स्टील घासलं की कडक होतं, पुढचा फेरा त्या कडक थराला भिडतो आणि बारीक टोक तुटतं.

त्याच स्टीलवर भांड्यांच्या दुकानातला कारागीर मिनिटभरात नाव घालतो, ते कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. त्याच्या हातातल्या विजेच्या पेनात विद्युतचुंबक असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, चुंबक प्रत्येक आवर्तनात दोनदा खेचतो, त्यामुळे टोक सेकंदाला १०० ठोके देतं. आहेराच्या पातेल्यावरचं ‘चि. सौ. कां.’ निरखून पाहा, रेघ नसते, दाटीने बसलेले ठिपके असतात. चीप निघतच नाही. प्रत्येक ठोका धातूला जागच्या जागी दाबून बाजूला सारतो. धातू कडक झाला तरी काही बिघडत नाही, कारण पुढचा ठोका शेजारी पडणार असतो.

राहिली जाड-बारीक अक्षरं. कोरायचं टूल व्हीच्या आकाराचं असतं, जितकं खोल जाईल तितकी रेघ रुंद. ६० अंशांच्या टूलला खोली ०.१ मिलिमीटरने बदलली की रुंदी ०.११ मिलिमीटरहून अधिक बदलते. बाजारातला पितळी पत्रा आणि यंत्राचा पाट मिळून एवढा उंच-सखलपणा सहज असतो. यावरचा इलाज धातूमुळेच सोपा होतो. यंत्राच्या प्रोबची एक वायर टूलला, दुसरी पत्र्याला लावायची. बंद स्पिंडलचं टोक हळूहळू खाली येतं, पत्र्याला टेकताच मंडळ पूर्ण होतं आणि ती उंची नोंदली जाते. पाटीवर पाच-पाच मिलिमीटरवर अशा नोंदी घेतल्या की प्रोग्रॅम त्या चढउताराप्रमाणे टूल वर-खाली करत कोरतो. स्पिंडल सुरू करण्यापूर्वी वायर काढायला विसरू नका आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, पितळेची चीप सुईसारखी टोकदार उडते.

शेवटी अक्षराचा प्रश्न. संगणकातला देवनागरी फॉन्ट म्हणजे अक्षराची बाहेरची कड. नुसती कड कोरली तर अक्षर पोकळ दिसतं. व्ही-कार्व्हिंगची सोय असलेला प्रोग्रॅम घ्या. तो दोन्ही कडांच्या मधोमध चालतो, अक्षर जाड असेल तिथे टूल खोल नेतो, निमुळतं होईल तिथे वर उचलतो. आडनावात ‘ठ’ किंवा ‘ळ’ असेल तर अक्षराची उंची थोडी वाढवा, नाहीतर त्यांच्या पोटातलं पितळ शिल्लक राहत नाही. आणि स्टीलचा डबा यंत्राखाली ठेवू नका, तो भांड्यांच्या दुकानात न्या.