सांधेदुखीवर गोळीशिवाय काय? शेक कधी, बर्फ कधी, व्यायाम किती

बीदर/कलबुर्गी : 2006 चा ताप सीमाभागातल्या चाळिशीपुढच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. घरातलं एक माणूस अंथरुणावर, तर दुसरं भिंत धरून चालतंय, अशी गावंच्या गावं होती. त्या वर्षी देशात चिकुनगुनियाचे सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यातले साडेसात लाखांहून जास्त एकट्या कर्नाटकात, आणि बीदर व तेव्हाचं गुलबर्गा हे जिल्हे आधी सापडलेल्यांत होते. नावामुळे उगाच कोंबडीवर संशय गेला. प्रत्यक्षात हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, अर्थ 'वाकून जाणे'. ताप आठवड्यात उतरला, पण काहींचे धरलेले सांधे महिनोन् महिने सुटले नाहीत.

या विषाणूला मारणारं औषध आजही नाही. वेदनाशामक गोळी मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं खाल्ली तर पोट आणि किडनी दोन्ही धोक्यात येतात. म्हणून गोळीशिवायचे उपाय नीट समजून घ्यायला हवेत. पण त्याआधी दुखणं कोणतं, हे ओळखायला हवं.

झीज की सूज?

गुडघा झिजला असेल तर काम केल्यावर दुखतो, बसल्यावर बरं वाटतं. सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात जातो. सुजेचं दुखणं उलटं असतं. उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, सांधा गरम लागतो आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू सुटतो. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे असे सुजत असतील तर आमवाताची शंका घ्यावी. पंचेचाळिशीच्या आतला माणूस पहाटे कंबरदुखीने जागा होत असेल आणि फिरल्यावर मोकळा होत असेल, तर मणक्याच्या सुजेची. या दोन्ही आजारांत लवकर तपासणी आणि नियमित औषध लागतंच, कारण ती औषधं सांधा खराब होण्यापासून वाचवतात. पुढे दिलेले उपाय त्या औषधांच्या जोडीने करायचे, औषध बंद करून नव्हे.

रुईचं पान, वाळूची पुरचुंडी आणि बिब्बा

शेक आपल्याकडे नवा नाही. गरम वाळूची पुरचुंडी, तव्यावर ऊन केलेलं एरंडाचं किंवा रुईचं पान, निर्गुडीचा वाफारा हे घरोघरी चालतं. आखडलेल्या सांध्याला आणि ताठलेल्या स्नायूला शेकाने खरंच आराम पडतो, हालचाल सोपी होते. मात्र सांधा लाल, गरम आणि फुगलेला असेल तर शेक नको. बर्फ टॉवेलात गुंडाळून 10-15 मिनिटं लावावा. शुगरवाल्यांच्या पायाला बधिरपणा असतो, चटका कळत नाही. त्यांच्यासाठी शेकाची ऊब दुसऱ्याने हात लावून बघावी. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये.

हलक्या हाताने मालीश चालेल. सुजलेला सांधा रगडणं चुकीचं. बिब्बा घालणं आणि डागणी देणं तर बंदच व्हायला हवं. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात, जखम चिघळते, आणि आतली सूज जिथल्या तिथे राहते. 'मुळापासून बरं करणारी' बिनलेबलची पुडीही तशीच. दोन दिवसांत जादू झाली तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यावी.

'दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?'

हा प्रश्न शेतकऱ्याने विचारला तर त्यात चूक नाही. पण खुरपणीत बाई चार तास एकाच बैठकीत असते. तूर काढताना कंबर एकाच कोनात वाकलेली राहते. तेच सांधे घासतात, तेच स्नायू थकतात, आणि सांधा पूर्ण उघडत-मिटत नाही. व्यायामात उलट होतं. सांधा पूर्ण फिरवला जातो, कमजोर स्नायूला मोजून काम दिलं जातं आणि मध्ये विश्रांती असते. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार तो झेलतो.

सुरुवात साधी आहे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे धरायचा, सोडायचा. दोन्ही पाय दहा-दहा वेळा. मग हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस. व्यायामानंतर थोडं दुखणारच. दोन तासांनंतरही दुखणं राहिलं किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर प्रमाण निम्मं करायचं, बंद करायचं नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात चिकुनगुनियानंतर जुनं दुखणं राहिलेल्या रुग्णांना 12 आठवडे रबरी पट्ट्यांचे व्यायाम दिले, तेव्हा त्यांची उठ-बस सुधारली आणि वेदनाही उतरली. ब्रिटनमध्ये आमवाताच्या 490 रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना औषधाबरोबर हाताचे ताण देण्याचे व ताकदीचे व्यायाम शिकवले, त्यांचे हात वर्षानंतर इतरांपेक्षा चांगले चालत होते.

वजन आणि बिडी हे दोन विषय कुणाला आवडत नाहीत. तरी एवढं सांगायला हवं की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. आणि धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो, औषधाचा गुणही कमी येतो.

कामाची पद्धतही बदलता येते. विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली की बोटांवर ताण कमी येतो. घागर एका हाताने न उचलता दोन्ही हातांनी अंगाजवळ धरावी. भाकरी थापायला पाटाऐवजी उंच ओटा बरा. बिदरी कामातले कारागीर तासन् तास जमिनीवर वाकून छिन्नी चालवतात. त्यांनी अर्ध्या तासाने उठून मान-पाठ सरळ करावी.

पट्टा, मशीन आणि कन्नड कागद

विशिष्ट कारण नसलेल्या जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शिका काढली. तीत व्यायाम आणि समज देणं यांना स्थान आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, नेहमीसाठी देऊ नये असं म्हटलंय. आपल्याकडे नेमका यावरच पैसा जातो. दहा दिवस मशीन लावून व्यायाम न शिकवता घरी पाठवणारी फिजिओथेरपी अर्धवटच म्हणायची.

औरादचा रुग्ण उदगीरला, आळंद-अफजलपूरचा सोलापूरला जातो. बीदरला ब्रिम्स आणि कलबुर्गीला जिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयंही आहेत. कुठेही गेलं तरी 'घरी करायचा व्यायाम दाखवा' असं स्वतःहून म्हणावं. व्यायामाचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत मिळाला आणि वाचता आला नाही, तर लाजू नये. तिथेच एकदा करून दाखवायला सांगावं आणि परवानगी घेऊन मोबाईलवर व्हिडिओ काढावा.

स्नायूंत फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. तुरीची काढणी डिसेंबर-जानेवारीत येते. त्या वेळी गुडघ्याने साथ द्यायची असेल, तर खुर्चीवरची उठ-बस दसऱ्याच्या आधी सुरू झालेली हवी.