भरलेली दाढ पुन्हा का किडते?

दाढ भरली की कीड संपली, असे आपण धरून चालतो. पण भरलेली दाढ पुन्हा उकरावी लागण्याचे एक मोठे कारण म्हणजे भरलेला मसाला आणि दात यांच्या सांध्यात नव्याने लागलेली कीड. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना साधारण २ ते ३ टक्के आकसते आणि त्या ओढीने कडेला बारीक फट पडू शकते. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू एका मायक्रॉनहूनही लहान; त्याला ती फट वेशीएवढी. साखर मिळाली की तो आम्ल तयार करतो आणि सामू ५.५ च्या खाली उतरला की दाताचे कवच विरघळू लागते. पाऱ्याची चांदी भरणे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून जवळपास बंदच केले. तेव्हा या फटीवर पहारा आता नव्या मसाल्यानेच द्यायला हवा.

जपानमध्ये ओसाका विद्यापीठाच्या सातोशी इमाझातो यांनी १९९० च्या दशकात धन विद्युतभाराचा, जिवाणूचे आवरण फाडणारा रेणू कॉम्पोझिटच्या राळेतच गुंफला. तो झिरपून संपत नाही, ही त्याची जमेची बाजू. आक्षेपही रास्त आहे: लाळेतील प्रथिनांचा आणि मेलेल्या जिवाणूंचा थर त्यावर बसला की स्पर्शाने मारण्याची ताकद घटते. म्हणून प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतल्या यशावर मी विसंबणार नाही. विल्सन आणि केंट यांचे १९७२ चे ग्लास आयनोमर दाताला रासायनिक बंधाने चिकटते, फ्लोराइड सोडते आणि पेस्टमधून ते पुन्हा भरूनही घेते. चावण्याच्या जोरापुढे ते लवकर झिजते, हे मान्य. विदर्भात काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त, मग आणखी कशाला? कारण जास्त फ्लोराइडने दातांवर डाग पडतात ते बालपणी, दात घडत असताना, रोज पोटात जाणाऱ्या पाण्याने. भरलेल्या दाढेतून सुटते ते अगदी थोडे.

वऱ्हाडात हा प्रश्न अंतराचाही आहे. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर. दाढ पुन्हा भरायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार आणि बसभाडे वेगळे. मग माणूस दुखणे अंगावर काढतो आणि शेवटी दाढच काढावी लागते. म्हणून मसाल्याची परीक्षा पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या आणि मेळघाटातल्या माणसांच्या तोंडात, निदान पाच वर्षे व्हायला हवी. दंत महाविद्यालय अमरावतीत आहे, अकोल्यातही आहे. त्यांनी हे काम हाती घ्यावे.